खोबरेल

"त्यात काय आहे, प्रेत?"

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेमाची सुरुवात कुणी अशी करत नाही, मला माहीत आहे. पण नाहूरच्या आमच्या गाळ्यासमोर, भर पावसाळ्यात, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर आडवं घेऊन एक उंच, हडकुळा मुलगा रिक्षातून उतरला, आणि जाता जाता त्या रिक्षाने माझ्या चहाच्या ग्लासात चिखल उडवला. मग मी काय त्याला ओवाळणार होते?

तो थांबला. आधी चादरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जवळजवळ," तो म्हणाला.

मला हसू आलं. त्याला नाही आलं. पावसाचं पाणी त्याच्या भुवईवरून ओघळत होतं आणि हात मोकळे नसल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. डोळे मात्र छान होते. हे लगेच लक्षात आलं म्हणून मी स्वतःवरच वैतागले.

"कुंडलिक काका खोगीरवाले... इथेच ना?"

"इथेच. मी त्यांची मुलगी, शीतल. आणि तुम्ही आता मला दुसरा चहा पाजणार आहात."

"पाजतो. आधी हे बघाल का?"

आमच्या गाळ्याच्या एका बाजूला वेल्डिंगवाला आहे, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकच्या झाकणांचा कारखाना. मध्ये आम्ही. मुंबईत अजून कुणी हाताने घोड्याचं खोगीर बनवतं हे ऐकून लोक दोनदा विचारतात. आम्ही बनवतो. रायडिंग क्लबवाले येतात, बाहेरच्या देशात माल पाठवणारे व्यापारी येतात. माझ्या आजोबांनी गावात मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं आणि पोराबाळांना घेऊन मुंबई गाठली. बाबांनी चामड्याला हात लावला तो इथे, कुर्ल्याच्या दादू मिस्त्रींच्या कारखान्यात, उमेदवारी करून, भोकं पाडायची आरी शिकून. आजोबा वर्षभर त्यांच्याशी बोलले नव्हते म्हणे. मग बाबांनी पहिलं खोगीर घरी आणून दाखवलं आणि आजोबा त्याच्यावर नुसता हात फिरवत बसले. मुंबईतली मी तिसरी पिढी. जिद्दीने शिकले. माझ्या हाताची शिलाई बाबांपेक्षा सरळ येते, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगते.

बाबा खिडकीजवळ बसले होते. मुलाने चादर उघडली.

खोगीर आमचंच होतं. बाजूला लोंबणाऱ्या चामडी पाखेखाली बाबांची खूण होती, तीन बारीक भोकं. खोगीर घोड्याच्या पाठीवर बसतं ते तंगामुळे. तंग म्हणजे पोटाखालून घेतलेला रुंद पट्टा, आणि तो खोगिराच्या आतल्या पट्ट्यांना बक्कलांनी अडकतो. त्यातला एक पट्टा मुळापासून तुटला होता.

आणि मला वास आला. चामड्याचा नाही. शाळेत जाताना आई वेणी घालायच्या आधी डोक्यावर थापायची, तो वास.

बाबांनी तुटलेल्या टोकावर अंगठा दाबला. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण ते अंगठ्यानेच जास्त बघतात. चामड्यातून तेल वर आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"कोण पडलं?" बाबांनी विचारलं.

"माझा दादा. जयवंत. मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी मैदान आहे, तिथे मुलांना शिकवायचा. घोडी उडी मारत होती, शेवंती... आणि पट्टा गेला. खालच्या लाकडावर डोकं आपटलं."

"आता कसा आहे?"

त्याने चादरीची घडी घालायला सुरुवात केली.

"नाहीये," म्हणाला.

मघाशी मी प्रेत म्हणाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी खोगीर मांडीवर ओढून घेतलं. मग अगदी हळू, सहज विचारावं तसं विचारलं, "बाळा, याची देखभाल कोण करायचं?"

"मीच," तो म्हणाला, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडा उजेड आला. "मला घोड्यांची भीती वाटते. दादा बसायचा, मी हे पुसायचो. मला दुसरं काय जमणार? दर रविवारी तेल. पावसाळ्यात बुरशी धरते ना, तेव्हा रोजसुद्धा. दादा सगळ्यांना सांगायचा, मुंबईत एवढं चकचकीत खोगीर कुणाचंच नाही..."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

"चूक माझी आहे," बाबा म्हणाले. "शिवताना टाके फार जवळ पडले. भोकं जवळ आली की चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. तुझं काही चुकलं नाही. माझा हात चुकला."

मला वाटलं तो आता ओरडेल. बाबांची गचांडी धरेल. त्याने चादर छातीशी धरली आणि खालीच बसला, चामड्याच्या कातरणात.

"थँक्यू, काका," तो म्हणाला. "सगळे नशीब नशीब म्हणत बसलेत. तुम्ही एकटेच खरं बोललात."

*

खोगीर आमच्याकडेच ठेवून तो गेल्यावर मी आरी टेबलावर आपटली.

"का? का बाबा? टाका न् टाका शाबूत आहे. तुम्हाला दिसतंय, मला दिसतंय. खोबरेलने कुजलंय ते."

चामड्याला तेल लागतं, पण थोडं, आणि वेगळं. खोबरेल आत मुरतं, वर्षानुवर्षं मुरत राहतं, आणि आतून सगळा जीव काढून घेतं. वरून बघावं तर कसं लकाकतं.

"दादू मिस्त्री एक शिकवून गेले," बाबा म्हणाले. "स्वार पडला, की घरच्यांपुढे कारागिरानं मान खाली घालायची. दोष त्यांच्या घरात पाठवायचा नाही. पडलेला माणूस गेला. मागे राहिलेल्यांना अजून जगायचं असतं."

"आणि तुमचं नाव?"

"माझं काय, मी म्हातारा माणूस. तो पोरगा किती वर्षांचा आहे बघितलंस? सांगून त्याला काय मिळणार?"

मी चिडून दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. पण तो तुटलेला तुकडा मी टाकला नाही. मेणाच्या डब्याखालच्या खणात ठेवून दिला.

*

सिद्धेश त्याचं नाव. पुढच्या शनिवारी तो परत आला, हातात दोन चहा घेऊन.

"एक मागचा," तो म्हणाला. "नवे पट्टे लावून द्याल का? पण काकांनी नाही शिवायचे. तुम्ही शिवायचे."

"शिवते. पण 'तुम्ही' म्हणालास तर वाकडे शिवेन."

"बरं. तू शिव."

"आणि नुसतं खोगीर काय आणलंस? लगाम, रिकिबीचे पट्टे, सगळं आण. एकदा बघून घेते."

"ते घरी आहेत. दादाच्या फोटोखाली टांगलेत. आई कुणाला काढू देत नाही." मग घाईने म्हणाला, "ते चांगले आहेत गं. मी रोज पुसतो."

मी चामडं मोजायला घेतलं. फोटोखालचे पट्टे जन्मभर फोटोखालीच राहतील, असं मला वाटलं.

दोन पट्टे शिवायला किती वेळ लागतो? माझ्यासारखीला एक दुपार. मी ते काम कितीतरी शनिवार पुरवलं. कधी चामडं नीट भिजलं नाही म्हणाले, कधी दोरा आला नाही म्हणाले. बाबा खिडकीत बसून ऐकायचे आणि खोकायचे. मुद्दाम.

सिद्धेश पवईला एका ऑफिसात पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढायचा. शनिवारी अर्धा दिवस. तिथून तडक आमच्याकडे, शर्टाला बसचा घामट वास घेऊन. एकदा म्हणाला, मला पण शिकव. मी त्याला समोर बसवलं. लाकडी चापात पट्टा धरला, आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवल्या.

"एकाच भोकातून दोघी जातात. एक तुझ्याकडून, एक माझ्याकडून. मग दोघांनी सारखंच ओढायचं."

"नाही ओढलं तर?"

"एक बाजू सैल राहते."

तो सुई घालायचा आणि माझ्याकडे बघायचा. मग सुई भलतीकडे.

"पट्ट्याकडे बघ."

"पट्ट्याकडेच बघतोय."

"पट्टा खाली आहे."

"हो का... मला वाटलं वर आहे."

बाबा खोकले.

पाऊस पत्र्यावर पडत असायचा. त्या आवाजात हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तो पुढे वाकून बोलायचा. मी पण वाकायचे, ऐकू येत असलं तरी. मी त्याच्या प्रेमात पडले होते, सरळ सांगते. शुक्रवारपासूनच माझं कामात लक्ष नसायचं. शनिवारी सकाळी केस धुवायचे, पण खोबरेल लावणं सोडलं होतं. बाटली कपाटात पार मागे सारून ठेवली होती.

कारण हसता हसता तो मध्येच कुठेतरी जायचा. बोलणं अर्धं राहायचं आणि बोटं आपोआप पट्ट्यावर फिरायला लागायची, पुसल्यासारखी. एकदा म्हणाला, "रात्री झोप लागत नाही गं. डोळे मिटले की तो पट्टा दिसतो. बरं झालं काकांनी सांगितलं. नाहीतर मी वेडा झालो असतो, माझंच काही राहिलं का, माझंच काही राहिलं का, करून."

मी मान खाली घालून मेण फासत राहिले. दोरा केव्हाच माखून झाला होता.

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

"आई?" तो कसनुसं हसला. "आई रोज संध्याकाळी दिवा लावते आणि शिवणाऱ्याच्या हाताला शाप देते. झडो म्हणते. मी सांगतो, अगं, त्यांनी कबूल केलंय, चांगला माणूस आहे. ती म्हणते, कबूल करून माझो झील परत येतलो?"

खिडकीत बाबांची आरी थांबली, आणि परत चालू झाली.

त्या दिवशी तो निघाल्यावर मी बाबांना म्हणाले, "बस झालं. मी सांगते त्याला."

"तुला तो आवडतो?"

"हो."

"मग कसं सांगशील?"

मला उत्तर नसलं की मी भांडते. तेव्हा भांडलेसुद्धा नाही.

*

मग एके दिवशी सिद्धेश म्हणाला, "मी शेवंतीवर बसणार आहे."

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो गुपचूप शिकत होता, मैदानावरच्या एका म्हाताऱ्या घोड्यावर. शेवंतीवर जयवंतनंतर कुणी बसलं नव्हतं. दिवसभर ती कुंपणाला डोकं घासत उभी असते, म्हणाला. जयवंतच्या वाढदिवसाला तिला तो एक फेरी मारून आणणार होता. नुसतं चालवत नाही, दुडक्या चालीने.

"भीती?"

"आहे ना. जाम आहे. तू येशील?"

खोगीर घेऊन मी मुलुंडला गेले. सकाळ होती, भुरभुर पाऊस, डोंगरावर ढग टेकलेले. शेवंती लालसर रंगाची, कपाळावर पांढरा टिपका. मी खोगीर चढवलं, तंग आवळला, माझे पट्टे दोनदा ओढून पाहिले. झकास बसले होते. सिद्धेश जयवंतचं हेल्मेट घालून उभा होता. ते त्याला थोडं मोठं होत होतं.

"हे बघ," तो म्हणाला, आणि पिशवीतून रिकिबी काढल्या. पाय ठेवायची कडी आणि तिचा लांब पट्टा, दोन्ही बाजूंना. "आईनंच काढून दिले. फोटोखालचे. म्हणाली, घाल, जयाचे आहेत, तुका सांभाळतीत. रात्री बसून मस्त तेल लावलंय मी."

त्याने ते अडकवले. वास माझ्यापर्यंत आला.

डावा पाय रिकिबीत. एक हात मानेवरच्या केसांत. त्याने अंग उचलायला घेतलं.

"सिद्धेश, थांब."

"घाबरवू नकोस यार, आधीच वाट लागलीये माझी."

"पाय काढ."

"शीतल, आता नको ना..."

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "खूप आवडतोस. पाय काढ."

तो वळला. तोंडभर हसू, पाय अजून तसाच. "ही वेळ आहे सांगायची?"

"हीच आहे. पाय काढ. पुढचं ऐकल्यावर मी कदाचित तुला आवडणार नाही."

त्याने पाय खाली घेतला. मी रिकिबीचा पट्टा सोडवला, दोन्ही मुठींना गुंडाळला आणि ओढला. जोर लावला असं म्हणता येणार नाही. बक्कलाच्या भोकापाशी तो ओल्या पापडासारखा सुटून आला. दोन तुकडे माझ्या दोन हातांत.

सिद्धेश तुकड्यांकडे बघत राहिला. समजायला त्याला वेळ लागला. मी त्याच्या चेहऱ्यावर ते येताना बघितलं, आणि मला वाटलं, मी आंधळी असते तर बरं.

"याला तर काकांनी..." तो म्हणाला. "इथे तर टाका नाहीच."

"नाही."

"मग दादाचा पट्टा..."

"त्याचे टाके सगळे शाबूत आहेत. तुकडा मी ठेवलाय. चामडं गेलं होतं. खोबरेलने जातं. खूप लावलं की आतून कुजतं. बाबांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, मीपण ओळखलं. त्यांनी दोष स्वतःवर घेतला."

त्याने आपला तळहात नाकाशी नेला. वास घेतला.

"मी," तो म्हणाला.

एवढंच. मग तो चिखलात बसला. मी पण बसले, त्याच्या शेजारी, माझ्या चांगल्या ड्रेसची वाट लावून. शेवंतीने मान वाकवून त्याच्या हेल्मेटला नाक लावलं. त्याने हात चिखलात पुसले, परत पुसले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही. मला तेवढंच हवं होतं त्या वेळी.

"माझ्यावर ओरड," मी म्हणाले.

"तेल आई आणते," तो म्हणाला. "दर मे महिन्यात, गावाहून. घाण्यावर स्वतः उभी राहून काढून घेते. दादाच्या खोगिराची बाटली वेगळी. जयाच्या वस्तूला विकतचं काही लावायचं नाही, म्हणते. शीतल... माझं काय व्हायचं ते होवो. पण हे तिला कळलं तर ती जगायची नाही."

"सांगू नकोस."

"मग ती काकांना..."

"देऊ दे शाप."

त्याने माझा हात धरला. चिखल, तेल, पाऊस, सगळं त्या हातात होतं.

"मला पण तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. प्रेत म्हणालीस तेव्हापासून. पण आईच्या लेखी तू कोण आहेस, कळतंय ना तुला? खरं सांगितलं तर आई जाते. नाही सांगितलं तर तू."

मला कळत होतं. त्याच्या आधी कळलं होतं. मी म्हणाले, "उठ, ओला होतोयस," आणि शेवंतीचा तंग सैल केला.

*

त्यानंतर शनिवार येत राहिले, तो आला नाही. खोगीर मी गाळ्यात परत आणून ठेवलं होतं आणि त्याला रिकिबीचे नवे पट्टेही शिवले होते. गणपती येऊन गेले. बाबा माझ्या चहात साखर जास्त घालायचे.

मग एका दुपारी तो आला. सोबत एक बारकीशी बाई, पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. ती दारातच थांबली आणि थेट बाबांकडे बघत म्हणाली, "तूच काय तो?"

बाबा उठले. हात जोडले. "हो ताई."

"तुझ्या हातान माझो झील गेलो."

"हो ताई. माझा हात चुकला."

"आणि आता ह्यो दुसरो सांगता, ह्याच्याच चेडवाशी लगीन करूचा आसा. म्हटलं बघूया तरी, कसले माणूस आसत."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं. ती गाळाभर बघत होती, चामड्याच्या सुरळ्यांकडे, भिंतीवरच्या आऱ्यांकडे. बाबा मान खाली घालून उभे होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. चाळीस वर्षं ज्या हातांनी एक टाका वाकडा घातला नाही, ते हात त्यांनी पोटाशी धरले होते.

माझ्या उजव्या हाताला तो खण होता. मेणाच्या डब्याखाली. तुकडा काढायचा आणि तिच्या हातात द्यायचा, बस. बाबांचं नाव स्वच्छ. मी खुन्याची मुलगी नाही. मला ते घर मिळालं असतं, सिद्धेश मिळाला असता. मी सिद्धेशकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, नको म्हटलं नाही. सगळं माझ्यावर सोडून तो नुसता उभा होता, पांढराफटक.

"खोगीर खंय आसा?" ती म्हणाली. "घेऊन जातंय घराक. जयाची वस्तू आसा ती. सुकी ठेवूची नाय."

आणि तिने पिशवीतून बाटली काढली. गावची, झाकणाला कापडाची चिंधी बांधलेली. ती खोगिराकडे गेली, माझ्या नव्या पट्ट्यांवरून तिने बोट फिरवलं आणि चिंधी सोडायला लागली.

सिद्धेश पुढे झाला. "आई..."

मी खण सोडला. तिच्या आणि खोगिराच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात पुढे केले, तळवे वर.

"आई, त्याला नको. नव्या चामड्याला आम्ही मेण लावतो, तेच पुरतं. हे मला द्या ना. माझे हात बघा कसे फाटलेत."

ती मला न्याहाळत राहिली. मग तिने माझे हात हातात घेतले. अंगठ्यांना चिरा, बोटांत काळं मेण, आरी लागून झालेली भोकं.

"तू शिवतस?"

"हो. हे पट्टे मीच शिवलेत."

"घट्ट?"

"घट्ट आहेत. मी जिवंत आहे तोवर तुटणार नाहीत."

तिने बाटली कलती केली आणि माझ्या तळव्यात तेल ओतलं, भरपूर, आणि स्वतःच चोळायला लागली. एकेक बोट धरून, रगडून, लहान पोरांना न्हाऊ घालताना चोळतात तसं. चिरांमध्ये झोंबत होतं. मी हात काढला नाही. तो वास सगळ्या गाळ्यात भरला. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"रोज लावूचा," ती म्हणाली. "असले हात घेऊन कोणाच्या घराक जातलंस?"

बाटली तिने माझ्याजवळच ठेवली. खोगीर सिद्धेशने उचललं, त्याच जुन्या चादरीत. जाताना बाबांकडे बघायला ती थांबली नाही, आणि लग्नाचं एक अक्षर बोलली नाही.

*

पुढच्या शनिवारी पत्र्यावर पाऊस नव्हता, म्हणून त्याची पावलं ऐकू आली. दोन चहा होते. तो पायरीवर बसला, मी त्याच्या शेजारी.

"आईनं विचारलंय, चेडू तेल लावता काय?"

"लावते म्हणून सांग."

लावते मी. रोज काम आवरल्यावर, बाहेर या पायरीवर बसून, आणि सकाळी साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय चामड्याला शिवत नाही. चिरा भरून आल्या आहेत.

"शेवंती?" मी विचारलं.

"काल एक फेरी मारली. तुझ्या पट्ट्यांवर. आई कुंपणापाशी उभी होती." तो हसला, आणि मग ते हसू गेलं. "रात्री अजून झोप लागत नाही."

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्याने माझा हात उचलून नाकाशी नेला, वास घेतला आणि तसाच धरून ठेवला. आमचं पुढे काय होणार, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"आणि शाप?" मी हळूच विचारलं.

त्याने ग्लासातला उरलेला चहा गोल फिरवला.

"चालू आहे," म्हणाला. "रोज. दिवा लावताना."

बाबा आत खिडकीपाशी शिवत होते. आम्हाला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल.

"चालू दे," ते आतून म्हणाले. "तेवढाच आधार आहे तिला."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी दोरा ओढला.